बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (जन्म: १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू: ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतातील आरंभीच्या काळातील एक श्रेष्ठ क्रिकेटपटू व सामाजिक-राजकीय कार्यकर्ते होते. क्रिकेटच्या नोंदींत त्यांचे नाव पी. बाळू किंवा पालवणकर बाळू असे आढळते. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात जन्मलेले बाळू हे भारतीय खेळांत अखिल भारतीय कीर्ती मिळवणारे पहिले दलित खेळाडू मानले जातात. हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज म्हणून सुमारे दीड दशक खेळूनही त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नामांकित क्रिकेटपटू होते.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात भारतीयांपैकी क्रिकेटचा स्वीकार प्रथम पारशी समाजाने केला. १८४८ साली पारशांनी मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. हिंदू तरुणांचा युनियन क्रिकेट क्लब १८६६ साली निघाला. पारशांचे संघ १८८६ व १८८८ साली इंग्लंडचा दौरा करून आले आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने नियमाने होऊ लागले. या काळात संघ धर्म व जातसमूहांनुसार बनत. जिमखानेही त्याच पायावर उभे राहिले. मुंबईतील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ साली स्थापन झाला.

पुणे हे त्या वेळी लष्करी छावणीचे आणि पावसाळ्यात मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुक्कामाचे शहर होते. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे स्वतः इंग्लंडच्या संघाचे माजी कर्णधार होते. त्यामुळे पुणे व खडकी या छावण्यांत क्रिकेटला मोठे उत्तेजन मिळाले. गोरे अधिकारी, लष्करी जवान, पारशी व्यापारी आणि पुण्यातील शिक्षित हिंदू तरुण असे खेळाडूंचे वेगवेगळे वर्ग तेथे होते. ज्यांना खेळाडू म्हणून प्रवेश नव्हता असे लोक मैदानाची निगा राखण्याच्या कामावर असत. बाळूंचा क्रिकेटशी संबंध प्रथम याच वाटेने आला.

जन्म व बालपण

पालवणकर कुटुंबाचे आडनाव कोकणातील पालवण या मूळ गावावरून आले. बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. मात्र त्यांचे बालपण पुण्यात गेले. त्यांचे वडील लष्करी सेवेत होते. चर्मकार समाजाचा परंपरागत व्यवसाय चामड्याचा. चामड्याला स्पर्श करणे अपवित्र समजले जाई आणि त्या कारणाने हा समाज गावगाड्यात अस्पृश्य गणला जाई. लष्करातील नोकरीमुळे काही कुटुंबांना गावाबाहेर पडून छावणीच्या शहरात राहण्याची, मुलांना थोडेफार शिक्षण देण्याची संधी मिळाली. पालवणकर कुटुंब त्यांपैकी एक होते.

बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन खेळायला शिकले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळूंना लवकरच कामाला लागावे लागले. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात त्यांना दरमहा ३ रुपये पगारावर नोकरी मिळाली. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे त्यांचे काम होते. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याची संधीही त्यांना मिळे.

पुणे क्लबातील वर्षे

१८९२ च्या सुमारास बाळू युरोपियनांच्या पुणे क्लबात दाखल झाले. तेथे त्यांचा पगार ४ रुपये झाला. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर रेषा आखणे, सरावाच्या जाळ्या लावणे आणि टेनिसच्या मैदानाची देखभाल करणे ही त्यांची नेमून दिलेली कामे होती. क्लबातील ट्रॉस नावाच्या एका गृहस्थांनी त्यांना सरावाच्या जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. तेथे खेळणाऱ्या कॅप्टन बार्टन या डावखुऱ्या गोलंदाजाची शैली पाहून बाळूंनी आपली गोलंदाजी घडवली, असे सांगितले जाते.

या क्लबातील सर्वांत कुशल फलंदाज जॉन ग्लेनी ग्रेग हे लष्करी अधिकारी होते. पुढे ते इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळले. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करीत. आपल्याला बाद केल्याबद्दल ते बाळूंना प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. रोज तासन्‌तास चाललेल्या या सरावातून बाळूंचा टप्प्यावरील ताबा अचूक झाला. एका कसलेल्या फलंदाजाची विचार करण्याची रीतही त्यांना जवळून कळली.

या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले. परंतु त्यांना फलंदाजी करण्याची संधी देण्यात आली नाही. वसाहतीच्या काळातील क्लबांत फलंदाजी हा साहेबांचा मान समजला जाई आणि गोलंदाजीचे कष्ट एतद्देशीय नोकरांकडे असत. बाळूंची गोलंदाजी असामान्य आणि फलंदाजी मात्र मर्यादित राहिली, याचे एक कारण या व्यवस्थेत सापडते. पुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी उपयुक्त धावा केल्या, पण त्यांचे स्थान कायम गोलंदाजाचेच राहिले.

गोलंदाजीची शैली

बाळू डाव्या हाताने संथ गतीची फिरकी गोलंदाजी करीत. या प्रकारातील गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर, म्हणजे त्याच्या पायांकडून ऑफ बाजूकडे वळतो. बाळूंना चेंडू दोन्ही दिशांना वळवता येत असे आणि हाताची क्रिया न बदलता वेगात फरक करणेही त्यांना साधले होते. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचणे, एकाच टप्प्यावर दीर्घ काळ मारा करून त्याचा संयम सुटण्याची वाट पाहणे आणि न थकता षटकांमागून षटके टाकणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. समकालीन इंग्रज गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी तुलना करून त्यांना भारताचे ऱ्होड्स असे म्हटले जाई.

खेळपट्टीची देखभाल करण्याचा त्यांचा अनुभवही गोलंदाजीला पूरक ठरणारा होता. माती किती ओली आहे, रूळ किती फिरवला आहे, दिवस चढेल तसा पृष्ठभाग कसा बदलेल, हे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी केलेल्या कामातून जाणले होते.

पुण्याच्या हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदू संघाचे तेथील युरोपियन संघाशी सामने होत. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती ऐकून त्यांना संघात घ्यावे काय, हा प्रश्न हिंदू क्लबापुढे आला. संघातील काही तेलुगू भाषक सभासद त्यांना घेण्यास अनुकूल होते, तर मराठी ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. एवढा कुशल गोलंदाज जातीच्या कारणाने बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत ग्रेग यांनी उघडपणे व्यक्त केले. अखेर विजयाची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

संघात घेतले तरी त्यांना समान वागणूक मिळाली नाही. मैदानावर चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई. तो चेंडूही चामड्याचाच असे. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. तोंड धुवायचे झाल्यास त्यांच्या हातावर पाणी घालण्यासाठी अस्पृश्य नोकर बोलावला जाई. जेवणासाठी त्यांचे पान व जागा वेगळी असे.

या परिस्थितीत बाळूंनी पुण्याच्या संघाला युरोपियनांविरुद्ध अनेक विजय मिळवून दिले. सातारा येथील युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. त्यांच्या फिरकीचा परिणाम होऊ नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी अनेक दिवस रूळ फिरवून कठीण केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. त्यानंतर त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढण्यात आली. पुण्यातील एका जाहीर समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. सामाजिक सुधारणेच्या चळवळीतील अग्रणींनी या सत्काराकडे क्रीडेपलीकडच्या अर्थाने पाहिले. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत जेवता का येऊ नये, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. त्याच सुमारास प्लेगच्या साथीने प्रथम मुंबई आणि नंतर पुणे ग्रासले होते. मुंबईत हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेण्यास काही गुजराती सभासदांनी हरकत घेतली. परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी ती बाजूला सारून त्यांचा समावेश केला. उदरनिर्वाहासाठी बाळूंनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. मुंबईच्या मैदानांवरील सामन्यांमुळे त्यांचे नाव लवकरच घराघरांत पोहोचले.

हिंदू संघाचा युरोपियनांशी अधिकृत सामना होण्यास मात्र १९०६ साल उजाडावे लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. शिवरामही या संघात होते. स्वदेशी चळवळीच्या दिवसांत राज्यकर्त्यांच्या संघावर मिळवलेल्या या विजयाचे देशभर स्वागत झाले.

मुंबईतील इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी नियतकालिकाने या विजयाची सामाजिक बाजू मांडली. पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी बाळूंना संघात घेतले, पण खाणेपिणे वेगळे ठेवले. मुंबईच्या खेळाडूंनी त्यांच्यासोबत सहभोजनही केले. हा बदल या नियतकालिकाला राष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा वाटला. जातिभेद बाजूला ठेवला म्हणूनच सर्वोत्तम संघ उभा राहिला, हा युक्तिवाद या सामन्यानंतर सुधारकांच्या लेखनात वारंवार येऊ लागला.

१९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांच्यात तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुस्लिम संघाच्या समावेशाने ती चौरंगी झाली. ही स्पर्धा त्या काळातील भारतीय क्रिकेटचा सर्वांत मोठा वार्षिक सोहळा होती. हिंदूंच्या गोलंदाजीची मुख्य धुरा या सर्व वर्षांत बाळूंकडे राहिली.

१९११ चा इंग्लंड दौरा

पाटियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू व मुस्लिम अशा तिन्ही समाजांचे खेळाडू होते. बाळू व शिवराम या दोघा बंधूंची त्यात निवड झाली. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष होते. महाराजांचा बराच वेळ समारंभांत गेल्यामुळे अनेक सामन्यांत संघाला त्यांच्यावाचून खेळावे लागले.

संघाने एकूण २३ सामने खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. संघाची कामगिरी अशी साधारण असताना बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. यांतील १४ सामने प्रथम श्रेणीचे होते. त्या सामन्यांत त्यांनी २०.१२ च्या सरासरीने ७५ बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. ही त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लीस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी ११ बळी घेतले आणि भारतीय संघाला इंग्रज परगण्यावरील विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्धच्या निसटत्या विजयात शिवराम यांचे शतक निर्णायक ठरले. दौऱ्यात बाळूंचा खांदा दुखत होता आणि त्यांचे वय पस्तिशीचे होते, हे लक्षात घेता त्यांचे यश अधिकच उठून दिसते.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. या समारंभातील मानपत्राशी त्या वेळी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांचे नाव जोडले जाते. वीस वर्षांच्या या विद्यार्थ्याच्या पिढीतील शिक्षित दलित तरुणांना बाळू हे आदर्श वाटत. ज्या समाजाला सार्वजनिक जीवनात कोठेही स्थान नव्हते, त्यातील एक माणूस केवळ कौशल्याच्या बळावर राज्यकर्त्यांच्या देशात नाव कमावून आला होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

इंग्लंडच्या दौऱ्यानंतर अनुभव व कामगिरी या दोन्ही निकषांवर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात दरवर्षी त्यांच्या नावाची चर्चा होई आणि ते पद उच्चवर्णीय खेळाडूकडे जाई. १९१३ साली एम. डी. पै यांची कर्णधार म्हणून निवड झाली. आपल्या सत्काराच्या प्रसंगी पै यांनी स्वतःच, ज्येष्ठ खेळाडू या नात्याने हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे सांगितले. संघातील सहकाऱ्यांना बाळूंची योग्यता मान्य होती, हे यावरून दिसते. नेतृत्व मात्र निवड समितीच्या हाती होते.

गोलंदाज म्हणून बाळूंना संघात घेण्यात संघाचा लाभ होता. कर्णधार केल्यास मात्र ब्राह्मण व इतर उच्चवर्णीय खेळाडूंना त्यांच्या आज्ञेत खेळावे लागले असते. श्रेणीबद्ध समाजव्यवस्थेला पहिली गोष्ट सोसण्याजोगी वाटली, दुसरी वाटली नाही.

१९२० साली हा वाद उघड झाला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेसाठी प्रथम बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. कर्णधार पै पहिल्या सामन्यासाठी उपलब्ध नसताना नेतृत्व विठ्ठल पालवणकर यांच्याऐवजी दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. ज्येष्ठता डावलून जातीच्या आधारे निवड केल्याचा आक्षेप घेऊन विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका वृत्तपत्रांतून मांडली. त्याच वर्षी महात्मा गांधींनी असहकाराची चळवळ सुरू केली होती आणि डिसेंबरमध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा पुरस्कार झाला. या वातावरणात पालवणकर बंधूंच्या बाजूने लोकमत तयार झाले.

परिणामी पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि त्यांचे बंधूही संघात परतले. या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता नेतृत्व बाळूंनी केले. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच. त्यानंतर त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली. त्या वेळी ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्या वर्षी युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर उच्चवर्णीय तरुणांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. बाळूंना नाकारलेला मान धाकट्या भावाला मिळाला. त्यामागे बाळूंची कामगिरी आणि १९२० चा निषेध या दोहोंची पार्श्वभूमी होती.

पालवणकर बंधू

चारही बंधू हिंदू संघाकडून खेळले. शिवराम हे आक्रमक फलंदाज व चपळ क्षेत्ररक्षक होते. गणपत यांचे तरुण वयात निधन झाले. विठ्ठल हे आपल्या काळातील उत्कृष्ट फलंदाजांपैकी एक गणले जात. त्यांनी लिहिलेले माझे क्रीडा-जीवन हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. पालवणकर कुटुंबाविषयी आणि बाळूंच्या पुण्यातील दिवसांविषयी जी माहिती आज उपलब्ध आहे, तिचा तो एक प्रमुख आधार आहे.

राजकीय व सामाजिक कार्य

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. ते दलित समाजाचे मान्यवर प्रतिनिधी समजले जात आणि सभासंमेलनांतून अस्पृश्यता निवारणाची मागणी करीत. त्यांचा कल गांधींच्या मार्गाकडे होता. हिंदू समाजात राहूनच त्याच्यात बदल घडवावा, असे त्यांचे मत होते. या मुद्द्यावर त्यांचे डॉ. आंबेडकरांशी मतभेद झाले.

१९३२ साली ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. बाळू व मद्रासचे नेते एम. सी. राजा हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केल्यावर झालेल्या वाटाघाटींतून २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळूंचाही समावेश होता.

१९३३ साली मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळूंनी तिला विरोध दर्शवला.

१९३७ साली प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. डॉ. आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई शहरातील राखीव जागेसाठी उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळूंना उमेदवारी दिली. लोकप्रिय क्रिकेटपटूचे नाव आणि काँग्रेसची संघटना बाळूंच्या पाठीशी होती. निवडणूक चुरशीची झाली. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, तर बाळूंना ११,२२५. अशा रीतीने २,०२० मतांच्या फरकाने बाळूंचा पराभव झाला.

सत्काराच्या प्रसंगापासून निवडणुकीपर्यंतच्या सव्वीस वर्षांत दलित राजकारणाची दिशा बदलली होती. वैयक्तिक गुणवत्तेने उच्चवर्णीयांची मान्यता मिळवता येते, ही बाळूंच्या आयुष्यातून पुढे आलेली आशा होती. अशी मान्यता कोणाच्या मर्जीवर अवलंबून न राहता हक्क म्हणून मिळाली पाहिजे, ही आंबेडकरांची भूमिका होती. कर्णधारपदाच्या बाबतीत बाळूंना स्वतःला जो अनुभव आला, तो आंबेडकरांच्या या भूमिकेला पुष्टी देणारा होता. तरीही बाळूंनी समन्वयाचा मार्ग सोडला नाही.

अखेरचा काळ व मृत्यू

१९३७ नंतर बाळू निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहिले. १९३२ साली भारताने इंग्लंडमध्ये आपला पहिला कसोटी सामना खेळला होता. त्या वेळी बाळूंचे वय छप्पन्न होते. त्यामुळे अधिकृत कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव येऊ शकले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराला क्रिकेटपटू तसेच दलित समाजातील कार्यकर्ते उपस्थित होते.

कारकिर्दीची आकडेवारी

बाळूंनी १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळले. त्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले आणि १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा केल्या. यांपैकी ७५ बळी इंग्लंडच्या एका दौऱ्यातील आहेत. उरलेले १०४ बळी त्यांनी मायदेशात प्रत्येकी सरासरी सुमारे १२ धावांच्या मोबदल्यात मिळवले.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रथम श्रेणीच्या पहिल्या सामन्याच्या वेळी बाळू जवळजवळ तीस वर्षांचे होते. त्याआधीची चौदा वर्षे, म्हणजे पुणे क्लबातील सराव, पुण्याच्या संघाचे विजय आणि मुंबईतील पहिला काळ, अधिकृत नोंदींत समाविष्ट नाहीत. फिरकी गोलंदाजाच्या उमेदीचा हा मोठा भाग आकडेवारीबाहेर राहिला आहे.

वारसा

मृत्यूनंतर बराच काळ बाळूंचे नाव क्रिकेटच्या इतिहासात मागे पडले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पालवणकर बंधूंच्या जीवनाला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि त्यांच्याविषयी नव्याने जिज्ञासा निर्माण झाली. आशुतोष गोवारीकर यांच्या लगान (२००१) या हिंदी चित्रपटात कचरा नावाचे एका अस्पृश्य फिरकी गोलंदाजाचे पात्र आहे. त्याला संघात घेण्यावरून गावात वाद होतो. हे पात्र व बाळूंचे जीवन यांतील साम्याची चर्चा अनेकांनी केली आहे.

भारतीय क्रिकेटच्या अभ्यासात डावखुऱ्या मंदगती फिरकीच्या परंपरेचा आरंभ बाळूंपासून मानला जातो. पुढील काळात विनू मांकड, बापू नाडकर्णी, बिशनसिंग बेदी अशा गोलंदाजांनी ही परंपरा समृद्ध केली. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने बाळूंची कारकीर्द खेळातील समतेची शक्यता आणि तिची मर्यादा या दोन्हींचा पुरावा आहे. त्यांना मैदानावर प्रवेश मिळाला, पुढे पंगतीतही स्थान मिळाले. संघाचे अधिकृत नेतृत्व मात्र त्यांच्या पिढीला मिळाले नाही. ते मिळण्यासाठी त्यांच्या धाकट्या भावाचा काळ यावा लागला.